फोन लागेपर्यंत बस

माणूस जनावरापासून वेगळा झाला तो दोन पायांवर उभा राहिला म्हणून, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. पण त्याला उभा कोणी केला, हे कुठल्याच पुस्तकात छापलेलं नाही. मित्रांनो, संकोच बाजूला ठेवून सांगतो, मी केला. राज्यं, व्यापार, लढाया, सगळं काही माणूस चालायला लागल्यावर सुरू झालं, आणि चालायला त्याला माझ्या घराण्याने शिकवलं.

मी एक जुना पांगुळगाडा आहे. तीन चाकं, एक आडवी दांडी, मुक्काम निडी, तालुका रोहा. सध्या माझ्या दांडीला पांढऱ्या कांद्यांची माळ टांगलेली असते. लांबून पाहणाऱ्याला माझा सत्कार झाला आहे असं वाटतं. जवळ आल्यावर वास येतो.

माझा जन्म पेणचा. तिथे गणपतीच्या कारखान्यांना लाकडी पाट लागतात, आणि रघू सुतार ते पाट करायचा. पाट कापून उरलेल्या सागाच्या पट्ट्यांतून त्याने मला जुळवलं. म्हणजे मी थोडक्यात हुकलो. अजून वीतभर रुंद असतो तर माझ्यावर देव बसला असता. पण रघूने मला लाल-हिरवा रंग दिला, चाकं दोनदा फिरवून पाहिली आणि दुकानाबाहेर उन्हात ठेवलं.

निडीचे अब्दुलभाई तांदळाच्या कामाने पेणला आले होते. त्यांच्या घरी पहिला मुलगा झाला होता, नावेद. त्यांनी मला उचललं आणि एसटीच्या टपावर चढवलं. माझ्या आयुष्यातला पहिला प्रवास, तीन चाकं असताना, मी दुसऱ्याच्या चाकांवर केला. तेव्हाच मला कळायला हवं होतं की या घरात चालण्यापेक्षा उचलण्यावर भर आहे.

नावेद माझ्या आधाराने चालायला शिकला तेव्हा तो साडेचौदा महिन्यांचा होता. हा आकडा तुम्हीच लक्षात ठेवा, कारण त्या घरात तो आता कोणाला आठवत नाही. नावेदची आई फरझाना, जिला आता सगळं घर दादी म्हणतं, ती नावेदच्या लग्नात सांगत होती की तो बाराव्या महिन्यात चालला. नातू झाला तेव्हा नावेद दहाव्या महिन्यात चालला होता. नातू वर्षाचा झाला आणि नावेद नवव्या महिन्यात अंगण ओलांडून मशिदीपर्यंत गेला होता. असंच चाललं तर तो एक दिवस चालत जन्माला येईल. मी तिथे होतो, दांडीला त्याची लाळ लागली होती. पण मला विचारतो कोण.

त्या काळात माझा मोठा मान होता. मला गावभर उसना नेत. मागच्या आळीत हासाजींचं घर होतं, गावातलं ज्यूंचं शेवटचं. त्यांचा नथानियल माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी. पाच दिवसांत चालू लागला तो थांबलाच नाही, आता इस्रायलमध्ये असतो. पोर चालायला लागलं की मला रिकामा परत पाठवत नसत. दांडीला साखरेची पुडी बांधून पाठवत. मुंग्या आधी पोचत, मी मागाहून.

मग प्लास्टिकचे वॉकर आले. त्यांच्यात गाणं वाजायचं. माझ्यात काहीच वाजत नसल्यामुळे मला माळ्यावर टाकलं. माळ्यावर माझ्या शेजारी एक बंद पडलेला टेपरेकॉर्डर होता. त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण वीज नव्हती. अशी माझी पंधरा-सोळा वर्षं गेली. त्यात अब्दुलभाई गेले, नावेद आखातात, दोह्याला, एका कंपनीत लागला, पेणच्या रिझवानाशी त्याचं लग्न झालं, आणि उबेद जन्मला.

मित्रांनो, इथून पुढे माझी खरी कहाणी सुरू होते, आणि खरा वैतागही.

नावेदला कंपनीतून दोन वर्षांतून एकदा रजा. उबेदच्या जन्मानंतर तो आला, वीस दिवस राहिला आणि गेला. त्यानंतर पोर पालथं पडलं, ते त्याने मोबाइलवर पाहिलं, तेही तीन दिवसांनी. बसायला लागलं, तो व्हिडिओ उघडलाच नाही. पहिला दात आला तेव्हा फोटोत दाताऐवजी दादीचा अंगठा आला. उबेदचा पहिला शब्द 'अब्बा'. घरात आनंदीआनंद झाला. मग लक्षात आलं की तो मोबाइलला अब्बा म्हणतो. कोणाचाही मोबाइल. गॅसवाल्याचा वाजला तरी अब्बा.

हे कळल्यावर नावेदने दोन दिवस फोन केला नाही. मग फोनवर म्हणाला, "अम्मी, झालं ते झालं. पण पोराचं पयलं पाऊल मी बघनार. फोनवर का होईना, पन समोरासमोर. माझ्याबिगर टाकू देऊ नका त्याला."

बाप बिचारा काय वाईट बोलला? काहीच नाही. पण दादीने ते वाक्य कुराणावर हात ठेवल्यासारखं घेतलं, आणि मला माळ्यावरून उतरवलं.

मला धुतलं, पुसलं, पडवीत उभं केलं. सोळा वर्षांनी कोणीतरी मला हात लावला म्हणून मी भरून आलो होतो. तेवढ्यात दादीने जुन्या ओढणीची पट्टी फाडली आणि माझ्या दांडीला मोबाइल बांधला, पोराकडे तोंड करून. मग मला मागच्या दारच्या फणसाखाली न्यायचे, आणि उबेद मला धरून उभा राहिला की समोर नावेद. नावेद म्हणजे नावेदचं कपाळ. त्याला फोन धरता येत नाही, त्यामुळे कपाळ आणि वर फिरणारा पंखा एवढंच दिसायचं. उबेद त्या कपाळाकडे बघायचा, "अब्बा" म्हणायचा आणि खाली बसायचा.

बरोबर आहे. ज्याच्यापर्यंत चालत जायचं तो वीतभर अंतरावर बांधलेला. मग पोराने जायचं कुठे?

पण ही झाली फोन लागलेला असतानाची गोष्ट. फोन लागलेला नसताना जे चालायचं त्याने माझ्या लाकडाला चिरा पडल्या. उबेद तेरा महिन्यांचा झाला तेव्हा भिंत धरून उभा राहू लागला होता. एक दिवस त्याने भिंत सोडली. एक पाय उचलला. मी श्वास रोखला, म्हणजे मला श्वास असता तर रोखला असता. तेवढ्यात दादीने पाहिलं.

"बस, बस, बस. रिझवाना, फोन लाव. पोर पाऊल टाकतंय."

दादीने धावत येऊन त्याला खांद्याला धरून खाली बसवलं, पाऊल सांडू नये म्हणून. हातात बिस्किट दिलं. रिझवाना फोन घेऊन मागच्या दारी पळाली, कारण आमच्याकडे चेहरा दिसण्याइतकी रेंज फक्त त्या फणसाखाली येते. फोन लागला. नावेद शिफ्टमध्ये होता, त्याने कापला. पुन्हा लावला. मग पोराला उचलून फणसाखाली नेलं. "चाल आता, बेटा. अब्बाला दाखव." बेटा बिस्किट खात बसला होता.

हे रोज. दिवसातून चार-चार वेळा. पोर उठलं की "बस", बसलं की बिस्किट, फोन लागला की "ऊठ". तुम्ही मोठे झालात म्हणून सांगतो, इतका उलटसुलट हुकूम सर्कशीतल्या हत्तीलाही देत नाहीत. पंधरा महिन्यांच्या उबेदला एवढंच कळलं की या घरात उठणं हा गुन्हा नाही, पण घाई बरी नव्हे. तो उठेनासा झाला.

आणि मग हेच घर काळजीत पडलं की पोर चालत का नाही.

मित्रांनो, मी तिथेच होतो. तीन चाकांवर उभा, तोंड नाही. सांगू कसा?

सोळाव्या महिन्यात सल्ले सुरू झाले. शेजारच्या मैनाची नात अकराव्या महिन्यात चालली होती. मैना तिला घेऊन यायची, "सहज आले गो" म्हणायची, आणि नातीला पडवीत सोडायची. नात माझ्याभोवती तीन फेऱ्या मारायची. मैना आठवड्यातून चारदा सहज यायची.

"याला सांजच्याला नदीच्या वाळूत पुरून ठेवा गुडघ्यापातूर," मैना म्हणाली. "पायात जोर येतंय."

"पोर हाय का वांग्याचं रोप?" दादी म्हणाली. पण मैना गेल्यावर तिने रिझवानाला हळूच विचारलं, "वाळू कंची म्हनली ती?"

रिझवाना मोबाइलवर शोधायची. एका ठिकाणी लिहिलेलं होतं बारा महिने, दुसऱ्या ठिकाणी पंधरा. तिसऱ्या ठिकाणी एक बाई मूल न चालण्याची चौदा कारणं सांगत होती. त्यातली अकरा ऐकून रिझवानाने फोन उलटा ठेवला. दुपारी उबेद झोपला की ती त्याचे दोन्ही पाय जवळ घ्यायची आणि टाचेला टाच लावून बघायची, सारखे आहेत का. मग पुन्हा लावायची. तिच्या माहेरी, पेणला, शेजारी एक मुलगी होती. सगळे म्हणत राहिले, चालेल, चालेल, घाई काय. तीन वर्षांची झाल्यावर डॉक्टर म्हणाले, खुब्यात दोष आहे, पहिल्या वर्षात आणली असती तर सोपं होतं. हे रिझवाना घरात कोणाला बोलली नव्हती. मला माहीत आहे, कारण एकदा पाय मोजताना ती उबेदला ते सांगत होती. झोपलेल्या पोराला सांगायचं आणि पांगुळगाड्याने ऐकायचं, असा आमचा घरगुती संवाद.

एक दिवस तिने धीर करून सासूला विचारलं, "अम्मी, पोराला रोह्याला दाखवू या का?"

"कशाला? आमच्या घरात सगळी लवकर चालली. नावेद तर नवव्या महिन्यात." दादीने सुपातले तांदूळ पाखडले. "तुझ्याकडे काय रीत हाय कुनाला ठाव. पेनला काय, दारात रिक्षा येते. चालायची गरजच काय?"

रिझवाना आत गेली. पातेलं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

साडेचौदा, मी मनात ओरडत होतो. साडेचौदा, फरझाना. तूच मला धरून ढकलत होतीस आणि रडत होतीस.

उबेदला सतरा महिने पुरे झाले तेव्हा मृणालीताई आली. ही आमची अंगणवाडी सेविका. तिने उबेदला मोजलं. वजन चांगलं, उंची चांगली, हाक मारली की बघतो, हवं ते बोटाने दाखवतो. मग तिने कार्ड उघडलं. त्यात चित्रं असतात, बसणारं मूल, रांगणारं मूल, चालणारं मूल. चालणाऱ्या मुलापुढची चौकट रिकामी होती.

"चालतो?" ताईने विचारलं.

"चालेल ना, त्याच्या बापाची शिफ्ट बदलली की," दादी म्हणाली.

मृणालीताईला ते कळलं नाही. जगात कोणालाही कळलं नसतं. ती रिझवानाला म्हणाली, "हे बघ, घाबरायचं नाही. काही मुलं अठरापर्यंत घेतात. पण अठरा भरेपर्यंत नुसतं बघत बसायचंही नाही. रोह्याला मुलांच्या डॉक्टर आहेत, या आठवड्यात दाखवून ये. त्यांना गरज वाटली तर अलिबागला पाठवतील."

अलिबाग म्हटल्यावर रिझवानाने ओढणी घट्ट धरली. दादीही गप्प झाली. त्या घरात दादी गप्प बसल्याची ती दुसरी वेळ. पहिली अब्दुलभाई गेले तेव्हाची.

सोमवारी तिघं निघाली. चौथा मी. होय, मलाही नेलं. रिझवाना नको म्हणत होती, पण दादी म्हणाली, "डाक्तरला दाखवाया नको, कशावर चालत नाय ते?"

सहा आसनी रिक्षात धाटावच्या कारखान्यात शिफ्टला जाणारे दोघं बसले होते, डबे मांडीवर. मला त्यांच्या पायाशी उलटा ठेवला. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

"आजी, ह्यालाबी तपासायचं हाय का?"

"तू पुढं बघ," दादी म्हणाली. "चाक तुझंबी हालतंय."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही विचारलं नाही. मोठ्या अनुभवी असाव्यात. त्यांनी उबेदला आडवं घेतलं, पाय दुमडले, उघडले, गुडघे बघितले, पाठीवरून हात फिरवला. रिझवाना त्यांच्या चेहऱ्याकडे अशी बघत होती की डॉक्टरीणबाई नुसत्या खोकल्या असत्या तरी ती रडली असती.

"खुबे चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "दोन्ही पाय सारखे. जोरही आहे. खाली सोडा त्याला, चप्पल काढून."

उबेदला लादीवर सोडलं. तिथे एक रंगीत स्टूल होतं. तो रांगत गेला, स्टूल धरून उठला, मागे वळून बघितलं आणि एक हात सोडला. मग दुसरा.

"बस, बस, बस," दादी म्हणाली. "रिझवाना, फोन."

उबेद खाली बसला. सैनिक बसावा तसा. आणि त्याने बिस्किटासाठी हात पुढे केला.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी स्वतः त्याला पुन्हा उभं केलं. त्याने हात सोडले. दादीचा हात आपोआप पिशवीत गेला आणि तोंडातून निघालं, "बस." उबेद बसला.

"हे घरी रोज होतं?"

"रोज. चार-पाच वेळा," दादी अभिमानाने म्हणाली. "याच्या बापाने पयलं पाऊल बघितल्याबिगर टाकू देत नाय आम्ही. तो दोह्याला असतो. रेंज फनसाखाली हाय."

डॉक्टरीणबाईंनी उबेदच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "आजी, तुम्ही याला चार महिने बसायला शिकवलंत. आणि पोर हुशार आहे. शिकला."

मित्रांनो, मला चाकं होती म्हणून, नाही तर मी तिथे नाचलो असतो. चार महिने जे मी सांगू शकत नव्हतो ते या बाईंनी दोन उठाबशांत ओळखलं. पण माझा आनंद फार टिकला नाही. दादीने मला पुढे ढकललं. "आनि हे? याच्यावर किती वेळ चालवायचा?"

"हा कोपऱ्यात ठेवा. पोर ढकलून खेळलं तर खेळू दे, पण गाड्याने मूल लवकर चालतं असं काही नाही. मूल जमिनीवर शिकतं, अनवाणी, पडून."

बत्तीस वर्षांची नोकरी, एका वाक्यात गेली. रिक्षावाल्याचं बरोबर होतं, मलाच तपासून घ्यायला आणलं होतं.

रिझवानाने विचारलं, "म्हणजे दोष नाही ना काही?"

"मला आज काही दिसत नाही. पण हे सगळं थांबवा आणि अठरा महिने झाले की परत आणा, चालत किंवा कडेवर. कडेवर आणलात तर पुढच्या तपासण्या करू. तेव्हा मात्र चालढकल नको."

म्हणजे बावीस दिवस होते. रिझवाना परतीच्या वाटेवर बोटांवर मोजत होती.

त्या संध्याकाळी फणसाखालून फोन लागला. मला दाराशी ठेवलेलं होतं, म्हणून ऐकू आलं. दादीने सांगायला सुरुवात केली, अडखळली, आणि फोन सुनेच्या हातात दिला.

"मंग मी बघायचं कवा?" नावेद म्हणाला. "ते एकच मागितलं होतं."

"तुमच्यासाठीच बसवला त्याला आम्ही," रिझवाना म्हणाली. "उठला की बसवला. चार महिने. मी त्याचे पाय मोजत बसले होते, नावेद. मला वाटलं पायात काही आहे. पायात काही नव्हतं. आपल्या सगळ्यांच्यात होतं."

दादीला वाटलं रेंज गेली, तिने सुनेच्या हातातला फोन हलवला. मग नावेद म्हणाला, "बरं. नका दावू मला. चालू दे त्याला." आणि थोड्या वेळाने, "अम्मी, मी खरंच नवव्या महिन्यात चाललो होतो का?"

दादीने फणसाकडे बघितलं. "नऊ म्हन, चौदा म्हन," ती म्हणाली. "चाललास ना."

साडेचौदा. पण मी तेवढ्यावर समाधान मानलं.

मग नवा कायदा सुरू झाला. उबेद उठला तर कोणी काही म्हणायचं नाही, हात लावायचा नाही, फोन काढायचा नाही. रिझवानाला ते सोपं गेलं. दादीवर त्याने आजारी पडायची वेळ आणली. पोर उठलं की तिचे हात आपोआप पुढे जायचे, म्हणून ती स्वतःच्या हातांवर बसायची. मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवायची. डब्यातून नावेदचा फोन वाजायचा आणि उबेद डब्याला अब्बा म्हणायचा.

आणि उबेद? तो पहिल्या दिवशी भिंत धरून उठला, हात सोडले, आणि दादीकडे बघून थांबला. हुकूम येईना. त्याने थोडी वाट पाहिली. मग स्वतःच म्हणाला, "बस," आणि बसला. हा त्याचा दुसरा शब्द. दादीने भिंतीकडे तोंड केलं.

असे बारा दिवस गेले. उठायचा, "बस" म्हणायचा, बसायचा. घरात दादी, रिझवाना आणि मी गप्प बसून त्याच्याकडे बघायचो, जशी रोह्याच्या स्टँडवर माणसं न येणाऱ्या गाडीकडे बघतात. रिझवानाच्या बोटांवर दहा दिवस उरले, मग आठ. मैना नातीला घेऊन सहज आली तेव्हा दादीने तिला दारातूनच परत पाठवलं. "पोर झोपलाय गो," ती म्हणाली. पोर तिच्या मागे उभं होतं.

सात दिवस उरले असतानाची दुपार. दादी पडवीत भिंतीला टेकून पेंगत होती. रिझवाना मागच्या दारी जवळा, ती बारीक कोलंबी, निवडत होती. मी माझ्या कोपऱ्यात होतो. उबेद रांगत माझ्याकडे आला, दांडी धरून उठला. मी थोडा सरकलो, सवयीने. तो माझ्याबरोबर दोन पावलं आला. मग थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि मला सोडलं.

मित्रांनो, मला आजवर गावातल्या किती पोरांनी सोडलं, त्याची मोजदाद नाही. आमच्या धंद्यात सोडलं जाणं हाच पगार. पण डॉक्टरीणबाईंच्या त्या वाक्यानंतर मला वाटलं होतं की तोही बंद झाला.

एक पाऊल. दुसरं, जरा तिरकं. मग तो मध्येच डुलत उभा राहिला आणि म्हणाला, "बस."

बसला नाही. तिसरं पाऊल टाकलं.

रिझवाना मागच्या दारात उभी होती, हात जवळ्याने माखलेले. ती कधी आली मला कळलं नाही. ती बोलली नाही. दादीचा एक डोळा उघडा होता. तीही बोलली नाही, फक्त दोन्ही हात मांडीखाली घेतले. उबेद चौथं, पाचवं, सहावं पाऊल टाकून आईच्या पायांवर आपटला आणि तिच्या ओढणीला धरून हसला. रिझवाना खाली बसली. जवळ्याच्या हातांनीच तिने त्याचे तळवे धरले. मोजले नाहीत, नुसते धरले. तांदळाचा डबा दोन हातांवर होता. कोणी उघडला नाही.

संध्याकाळपर्यंत तो मैनाच्या अंगणापर्यंत जाऊन आला. दादी मागून चालली होती, सहज.

दुसऱ्या दिवशी नावेदची सुट्टी होती. फोन लावला, पोराला फणसाखाली अनवाणी सोडलं, आणि रिझवाना चार हात लांब जाऊन उभी राहिली. उबेद दादीपासून आईपर्यंत चालत गेला. मध्ये पालापाचोळ्यात एकदा पडला, उठला, पुन्हा निघाला. फोनमध्ये कपाळ होतं, मग कपाळही नाही, नुसता पंखा. बऱ्याच वेळाने पंख्यातून आवाज आला.

"अम्मी, हे पयलं?"

दादी पाच वेळा नमाज पढते. उसनी घेतलेली हळद मोजून परत करते. तिने रिझवानाकडे बघितलं, रिझवानाने चपलेकडे.

"पयलं," दादी म्हणाली. "तुझ्यासाठीच ठेवलं होतं."

माझ्या हिशेबाने ते चारशेच्या पुढचं होतं.

मृणालीताईने कार्डातली चौकट भरली. अठरा महिने झाले त्या दिवशी उबेद रोह्याच्या दवाखान्याची पायरी हात धरून चढला. डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं, बरं म्हणाल्या, आणि "गाडा आणला नाही वाटतं" असं विचारलं. हे मला दादीने घरी येऊन सांगितलं. म्हणजे मैनाला सांगितलं, मी ऐकलं.

तर मित्रांनो, माझं सांगणं एवढंच. तुमच्या घरात लहान भावंड असेल तर त्याची शर्यतीतल्या घोड्यांसारखी तुलना करू नका. अंगणवाडीच्या ताईने दाखवून या म्हटलं तर दाखवून या, शेजारणीने वाळूत पुरा म्हटलं तर पुरू नका. पोर उठलं तर त्याला उठू द्या, पाऊल टाकत असेल तर तेवढा वेळ नुसते बघा. फोन नंतरही लागतो. आणि कधी दोह्याला गेलात आणि नावेद भेटला, तर ते फणसाखालचं पाऊल पहिलंच होतं.

जाता जाता एक काम करा. दुपारपासून माझ्या दांडीवर एक कोंबडी येऊन बसली आहे, आणि तिचे बेत मला बरे दिसत नाहीत. तिला तेवढं हुसकवा.